स्वतः पूर्ण केलेलं एक काम

४ जून
निवृत्तीला आज दोन महिने झाले. सैन्यातून निघताना हातात दिलेली, बाहेर नोकरीसाठी लागणाऱ्या सर्टिफिकेटांची यादी पुन्हा वाचली. एकेचाळीस आहेत. सर्वेक्षण, पाया, काँक्रीट, सुरक्षा, रस्ते. किळस आली. पस्तीस वर्षं इंजिनीअर तुकडीत नद्यांवर पूल टाकले, सार्जंट मेजर झालो, आणि आता मला काम येतं की नाही हे कागद सांगणार.

माझा मेव्हणा तोशिरो याची बंधाऱ्यांची कामं घेणारी छोटी कंपनी आहे. त्याचे साइटप्रमुख कोन्नोकाका गुडघ्यांमुळे येत्या मार्चअखेर काम थांबवणार. तोशिरो म्हणाला, दाजी, खुर्ची तुमचीच आहे. फक्त बांधकाम व्यवस्थापनाचं दुसऱ्या श्रेणीचं सर्टिफिकेट आणा, त्याशिवाय सरकार मला काम देत नाही.

दुसरी श्रेणी! मला! पहिलीच देणार.

९ जून
पहिल्या श्रेणीचे अर्ज मार्चमध्येच बंद झाले. ही कसली व्यवस्था! दुसरी तर दुसरी. नाहीतरी पाया पक्का करावा अशाच मताचा मी आहे.

२१ जून
अभ्यासाचं वेळापत्रक केलं. पहाटे साडेचार, उठणे. पाच, देव्हाऱ्यात वडिलांच्या तसबिरीपुढे भात-चहा, नामस्मरण. सहा ते नऊ, अभ्यास. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं. संध्याकाळी पाहतो तर हिसाएने त्यावरच कचरा उचलण्याच्या वारांचा तक्ता लावलेला. म्हणाली, अहो, हा पाळावा लागतो.

बायको म्हणून चांगली आहे. शिस्तीचा आदर नाही.

१२ जुलै
पुस्तक आणलं. सहाशे पानं. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला हेल्मेट घातलेलं अस्वल हात हलवतं. मोठ्या माणसांच्या पुस्तकात अस्वल! परत केलं. दुसरं आणलं. त्यात बेडूक आहे.

नामस्मरणात मन लागलं नाही. बुद्धाचं नाव घेताना मध्येच बेडूक आला. याचा दोष प्रकाशकाचा.

३० जुलै
अर्जाची शेवटची तारीख. फोटो मनासारखा येईना, म्हणून थांबलो होतो. हिसाएच सायकलवरून पोस्टात टाकून आली. घामाघूम झाली होती. परत येऊन एवढंच म्हणाली की फोटोवर मार्क नसतात.

१४ ऑगस्ट
पितरांच्या दिवसांसाठी गावी. वडिलांच्या शेताच्या बांधाची दगडी ताल पाहिली. साठ वर्षांपूर्वी एकट्याने रचलेली. मधे जरा फुगली आहे, तिच्या कडेला कांद्याची पात लावतात. वडील चौथीपर्यंत शिकलेले. बराच वेळ उभा राहिलो. नंतर डास फार झाले.

६ सप्टेंबर
लेखी परीक्षेत एक मोठा प्रश्न असतो: स्वतः पूर्ण केलेल्या एका कामाचं वर्णन करा. नाव, ठिकाण, कालावधी, तुमचं पद, कोणती अडचण आली, कशी सोडवली. हा तर माझ्यासाठीच काढलेला प्रश्न! तरंगत्या पुलावर लिहिलं. एकशे चार मीटर, बेचाळीस मिनिटं, पथकाचा विक्रम. कोन्नोकाकांकडे तपासायला नेलं.

त्यांनी लाल पेन्सिल उचलली, वाचलं आणि विचारलं, सार्जंटसाहेब, पुलाचा ताबा कोणाला दिलात?

कोणालाच नाही, काढला, असं सांगितलं.

कधी?

त्याच दिवशी, तीन वाजता.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, असं काहीतरी सांगा की जे आज जाऊन बघता येईल.

माणूस म्हातारा झाला की समज कमी होते.

१३ सप्टेंबर
आठवडाभर आठवतो आहे. पूल, एकोणऐंशी. सगळे काढले. खंदक खणले, बुजवले. सरावाचा रस्ता, त्यावर आता जंगल. हिमोत्सवात आमच्या तुकडीने पंधरा मीटर उंच बर्फाचा किल्ला उभारला होता, त्यात माझं पद सर्वांत मोठं होतं. वितळला. त्सुनामीच्या वेळी किनाऱ्यावर एकोणीस दिवस होतो. तिथे काही बांधलं नाही, बाजूला सारलं. त्याबद्दल परीक्षेत लिहिणार नाही.

स्वतःची शिसारी आली. आज नामस्मरण लांबलं.

२० सप्टेंबर
एक सापडलं. छावणीच्या भटारखान्यामागचं काँक्रीटचं गटार, साठ मीटर. वीस वर्षांपूर्वी मी उतार काढून बांधलं, आजही वाहतंय. कोन्नोकाकांना सांगितलं तर ते गुडघे विसरून उभे राहिले. अहो, हेच लिहा! उतार, पाणी, थंडीतलं काँक्रीट, यातच पास व्हाल!

हिसाएही म्हणाली, गटार तर गटार, छान आहे.

पस्तीस वर्षं देशाची सेवा आणि वर्णन कशाचं, तर खरकट्या पाण्याच्या गटाराचं? मला मान आहे की नाही?

२५ ऑक्टोबर
परीक्षा झाली. शेजारचा पोरगा खोडरबर इतक्या जोरात घासत होता की टेबल हलत होतं. तरी पेपर उत्तम गेला. तरंगता पूलच लिहिला. ‘सध्याची स्थिती’ हा रकाना कोरा ठेवला. तपासणारे सुज्ञ असतीलच.

२२ नोव्हेंबर
तोशिरोच्या साइटवरचा तात्पुरता पूल बर्फ पडण्याआधी काढायचा होता. चौदा दिवसांचं काम. मी चार माणसं घेऊन सहा दिवसांत काढला. एक बोल्ट हरवला नाही. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. तोशिरो म्हणाला, दाजी, असं सफाईने काढणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

निकालाआधीच नेतृत्व सिद्ध झालं. खुर्चीसाठी उशी बघून ठेवली.

३ फेब्रुवारी
नापास.

बाकीचे प्रश्न निघाले होते. त्या एका प्रश्नाला शून्य.

दुपारी तोशिरो आला. बूट काढायलाच त्याने फार वेळ लावला. साइटप्रमुख म्हणून कोणी माओ नावाची मुलगी घेतली आहे, सत्तावीस वर्षांची, दुसरी श्रेणी पास. दाजी, वाईट वाटून घेऊ नका, मार्चपर्यंत कोणाचं तरी नाव कागदावर द्यावंच लागतं हो. माझ्यासाठीही त्याने जागा काढली आहे. तात्पुरते पूल, रस्ते, पत्र्याच्या खोल्या. काम संपलं की जे काढायचं असतं, ते सगळं काढण्याची जबाबदारी माझी.

विचार करून कळवतो म्हटलं. तो फाटकापर्यंत पोचायच्या आत हो म्हणून आलो.

हिसाएला सांगितलं की एक स्वतंत्र विभागच माझ्याकडे सोपवला आहे. तिने तांदूळ धुता धुता विचारलं, विभागात माणसं किती?

म्हटलं, सध्या एक.

बरं, म्हणाली, म्हणजे डबा एकच.