थोरलीचा टाक

…आणि निषाद, काल फोनवर तू कितीही हसलास तरी हे मी आज लिहून काढणारच आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन साधं असतं, डॉक्टरही तेच म्हणाले. पण भूल देणार म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच आलं, की माझ्याकडे एक वस्तू अशी आहे जी मी नसताना नुसती कपाटात पडून राहिली तर वाईट होईल. वकिलांनी दिलेला नमुना मला अर्धाच कळला. माझं मराठी तुला माहीत आहे. म्हणून बोलते तसंच लिहिते.

तर मी, मृण्मयी शैलेश ढमाले, वय सव्वीस, नोकरी हिंजवडीत, राहणार चांदे, मूळ गाव कोळवण, तालुका मुळशी. माझं डोकं ठिकाणावर आहे, हे लिही म्हणून माझ्यामागे कुणी लागलेलं नाही, आणि खालचं सगळं माझ्या मर्जीने ठरवलं आहे. हे माझं पहिलंच मृत्युपत्र, त्यामुळे आधीचं रद्द करायला काही नाही. यात सांगितलेलं माझा धाकटा भाऊ निषाद याने पार पाडावं.

कलम १. बँकेतले पैसे, पीएफ आणि ऑफिसचा विमा आईला, म्हणजे आशालता शैलेश ढमाले हिला. आई, आधी गुडघ्यांचं बघ. भिशीत घालू नकोस.

कलम २. स्कूटर निषादला. मागचा ब्रेक नावालाच आहे.

कलम ३. घराण्याच्या गोष्टींची रेकॉर्डिंग्ज लॅपटॉपवर आहेत. शाळेत मला ट्यूडर राजे पाठ होते आणि स्वतःच्या पणजोबांचं नाव येत नव्हतं, त्याची भरपाई म्हणून मी नातेवाइकांच्या मागे फोन घेऊन फिरले. पणजोबा धोंडिबांची गोष्ट घरातल्या सगळ्या पोरांना: तांदूळ विकून पुण्याहून येताना त्यांनी माणसाच्या उंचीचा आरसा आणला, बैलाने त्यात दुसरा बैल बघितला आणि शिंग घातलं. नंतर अख्खी आळी त्या आरशाच्या तुकड्यांत बघून दाढी करायची. गोदाआत्याची गोष्ट फक्त चुलतबहीण स्वरदाला. गोदाआत्या सासरहून निघून आली, परत नांदायला गेली नाही, पिठाची गिरणी चालवली, आणि कुणाच्या घरी चूल पेटली नाही ते तिला दळणावरून कळायचं. स्वरदाला सध्या जे लोक ‘ॲडजस्ट कर’ सांगतायत, त्यांना ही गोष्ट ऐकवायची गरज नाही. स्वरदाने ऐकावी.

कलम ४. चुलतभाऊ सौरभ याला माझ्याकडून काही नाही. मी बनवलेली वंशावळ त्याने घराण्याच्या मेळाव्याला फ्लेक्सवर छापली आणि कोपऱ्यात स्वतःचा गॉगलमधला फोटो टाकला. तेही चाललं असतं. पण आजोबांच्या शेजारी मी एक चौकट मोकळी ठेवली होती, ‘पहिली पत्नी, नाव माहीत नाही’ अशी. ती त्याने काढून टाकली, तिच्याखालच्या नरहरी काकांसकट. विचारलं तर म्हणाला, “रिकामा डबा बरा दिसत नव्हता गं.” ती चौकट परत घालावी. नाव आता माहीत आहे. मथुरा.

कलम ५. हे सगळं ज्याच्यासाठी चाललंय तो टाक.

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली नखाएवढी बाई. मथुरा गेली तेव्हा नरहरी काका दोन वर्षांचे होते. मग आजोबांची दुसरी बायको म्हणून आपली आजी, ठकूबाई, आली. मेलेल्या सवतीने त्रास देऊ नये म्हणून तिचा टाक दुसरीच्या गळ्यात घालतात, तसा तो आजीच्या गळ्यात आला. मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. आजी गेल्यावर आईच्या मोडक्या चांदीच्या डब्यात तो मला सापडला. मी काळ्या दोऱ्यात ओवला आणि कुर्त्यावर घालून ऑफिसला गेले. सगळ्या विचारत होत्या, ऑक्सिडाइज्ड का, कुठून घेतलंस.

मग कोळवणच्या एका लग्नात एका म्हाताऱ्या आत्याने मला थांबवलं.

“पोरी, तुजं लगीन झालंय का?”

“नाही अजून.”

“मंग ही कुणाची सवत गळ्यात घालून हिंडतीयास?”

सगळा मांडव हसला. मीही हसले, कारण मला काही कळलंच नव्हतं. परत येताना आईने सांगितलं.

नवं लुगडं आलं की आजी आधी टाकाला लावायची, “बाई, तुजं आदी,” आणि मग स्वतः नेसायची. काका लहानपणी रुसले की टाक धरून म्हणायची, “बाई, तुजा पोरगा जेवला न्हाई. आता तूच समजाव, मी दमले.” आजोबा वारले तेव्हा बायकांनी आजीचं मंगळसूत्र काढलं आणि कुणीतरी टाकालाही हात घातला. आजीने मुठीत धरला. “माजं काढा. तिचं न्हाई. ती सवाष्ण गेलीया.”

वाटणी झाल्यावर काकांनी त्यांची भातखाचरं फार्महाऊसवाल्यांना विकली आणि पुण्याकडे, सूसला फ्लॅटमध्ये राहायला निघाले. जाताना दारात उभं राहून म्हणाले, “माजी आय हाय ती. काढ गळ्यातनं.”

“तुजी हाय म्हनूनच न्हाई देत,” आजी म्हणाली. “जमीन इकलीस, उद्या हिला बी इकशील.”

त्यानंतर काका आजीच्या मातीलाही आले नाहीत. आणि आजीने जाण्याआधी आईला बजावलं, नरहरीला देऊ नका.

मागच्या महिन्यात मी आईला न सांगता सूसला गेले. लिफ्ट, शूरॅक, दारावर प्लास्टिकचं तोरण. काकांनी टाक तळहातावर घेऊन अंगठ्याने चाचपला. मग म्हणाले, “नाक झिजलं हिचं.”

“आजी रोज अंघोळीला चोळायची.”

“मला लई दिवस वाटायचं, आय एवढीशीच असती.” मथुरा हे नाव त्यांनीच सांगितलं. मग विचारलं, “मी गेल्यावर ठकूआय हिच्याशी काय बोलायची? माजं नाव काढायची का?”

माझ्याकडे आजीची कितीतरी रेकॉर्डिंग्ज आहेत. मी त्यात आरसा विचारलाय, बैल विचारलाय, पणजोबांचं पागोटं विचारलंय. शोधून शोधून एक तुकडा सापडला. आरशाची गोष्ट सांगता सांगता आजीचा हात गळ्याशी गेला असणार. ती म्हणते, “बाई, आज नरहरी असता तर…” आणि लगेच माझा आवाज: “आजी, विषयावर ये ना.” आजी म्हणते, “बरं.” आणि परत बैल.

काकांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. मला माझाच आवाज ऐकवेना.

मी म्हटलं, “टाक तुम्ही ठेवा.” त्यांनी मूठ मिटली, उघडली आणि टाक माझ्या हातात परत दिला. “तू चोरून आणलायस. तिनं न्हाई म्हटलं व्हतं. घरानं दिला तर घीन.”

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, “मी सासूबाईंना शब्द दिलाय. माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.” काका सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे त्यांच्या आईचा फोटोसुद्धा नाही.

म्हणून मी लिहिते: माझ्यामागे हा टाक नरहरी वाल्मीक ढमाले यांना द्यावा. निषादने तो दिवसाउजेडी, आईला बरोबर घेऊन, त्यांच्या दारात नेऊन द्यावा. सोबत तो रेकॉर्डिंगचा तुकडाही द्यावा. माझा आवाज त्यातून कापू नये.

ठिकाण: चांदे, ता. मुळशी, जि. पुणे
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: मृण्मयी शैलेश ढमाले (सही बाकी)

साक्षीदार: १) जस्मीन मुलाणी, ऑफिसमधली मैत्रीण २) अपूर्वा देशमाने, रूममेट
दोघींना यातलं काहीही मिळणार नाही. तसं त्यांना सांगितलं आहे, तरी त्या येणार आहेत.

सही का बाकी ते सांगते. वकील म्हणाले, मृत्युपत्रात आपल्या मालकीचंच देता येतं. स्कूटर माझी, पैसे माझे. पण टाक मला डब्यात सापडला म्हणून माझा होतो का, ते त्यांनाही सांगता येईना. मूर्त मथुरेची, आई काकांची, आणि इतकी वर्षं गळ्यात वागवली आजीने, जी नाही म्हणून गेली. ऑपरेशन बुधवारी आहे, मंगळवारी मी सही करणार. त्याआधी खरं सांग निषाद, तुला काय वाटतं, आजीचा शब्द मोडून हे पाचवं कलम मी तसंच ठेवू का?