सोफ्यावरचा गुडघा

सेक्टर ६, भिलाई
मंगळवार, जेवणं झाल्यावर

तीर्थस्वरूप शैलाबाईले,

धाकट्या भावजयीचा, म्हणजे रत्नमालाचा, पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा दमा कसा आहे? नागपूरले थंडी वाढली म्हणतात, तं सकाळी उघड्या डोक्यानं देवाची फुलं तोडाले जाऊ नका. (तुमी ऐकणार नाही, मले माहीत आहे. तुमच्या माहेरी ऐकाची रीतच नाही.) भाऊजीले नमस्कार. तुमच्या निखिलले आशीर्वाद. त्याले आशीर्वाद मनातून देऊन नाही राहिली, मामीनं द्या लागते म्हणून लिहिला. कावून, ते पुढं कळेल.

फोन करून कावून नाही सांगतलं, असं तुमाले वाटेल. फोन केला असता तं तुमचे भाऊ सोफ्यावरून सगळं ऐकत बसले असते. सध्या ह्या घरात जे काही होते ते सोफ्यावरून होते. म्हणून कागद घेतला. चौथीनंतर एवढं लंबं पहिल्यांदाच लिहून राहिली, तं अक्षर पाहून हसू नका, काय लिहिलं ते पाहा.

राखीनंतर यायची स्कूटर घसरली अन् गुडघ्याची वाटी तडकली, ते तुमी पाहूनच गेल्या. प्लास्टर निघालं, पण गुडघा वाकत नाही. पावसानं फुगलेल्या दारासारखा झाला, ना पुरता उघडे, ना पुरता लागे. डॉक्टरनं साफ सांगतलं, चाला, उठा, बसा, वाकवा, आता वाकवला नाही तं असाच राहील. (डॉक्टरनं तवाच माही शुगर पण पाहिली अन् मलेही रोज चालाले सांगतलं. मले! मी दिवसभर घरात भवऱ्यासारखी फिरते. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, तुमी यायच्या गुडघ्यापुरतं बोला.) आता पोलादाच्या प्लान्टमधी हे क्रेन चालवतात, ते काम तुमाले नीट माहीत नसेल तं सांगते. ती क्रेन काही जमिनीवर नसते. लोखंडाची सरळ शिडी चढून, पार छताखाली लटकलेल्या केबिनमधी जाऊन बसा लागते. शिडी चढता आली तरच डॉक्टर फिट लिहून देईल. नाही तं उरलेले दोन वर्ष खाली प्लान्टच्या ऑफिसात खुर्ची टाकून देतील, दुसऱ्यायची हजेरी मांडाले. हे म्हणतात, रिटायर होईन तं केबिनमधून उतरून होईन, खुर्चीवरून उठून नाही. मले कोणी विचारत नाही, पण खुर्ची मिळाली तं हा माणूस रोज तोंड पाडून घरी येईल, अन् ते तोंड मलेच पाहा लागेल.

अशात दसऱ्याले तुमचा निखिल आला. पोट्टा मनाचा चांगला आहे, ते मी नाही म्हणत नाही. यायचा वेळ जावा म्हणून त्यानं टिफिनच्या डब्याएवढा कम्प्युटर आणला अन् टीव्हीले जोडून देला. त्यात सिनेमे, नाटकं, भजनं, काय पाहिजे ते. म्हणे, मामी, ही घरची टॉकीज. संगं टाइप कराची पाटी होती, तिले आखूड वायर. ती वायर टीव्हीच्या मेजाच्या पुढं एक बोट येत नव्हती. म्हणजे गाणं बदलाचं असलं तं हे सोफ्यावरून उठत, लंगडत मेजापाशी जात, वाकून बटण दाबत, परत येऊन टेकत. टेकले का म्हणत, हे गाणं नाही, त्याच्या पुढचं. परत उठत. बाई, काय सांगू, मले त्या वायरीची आरती ओवाळावी वाटे. घरी येऊन कसरत करवते ती शिल्पा म्याडम (हाताएवढी पोरगी आहे, पण यायले अशी दटावते का मी बाजूले उभी राहून शिकून घेते) गुडघा वाकवून पाहे अन् म्हणे, काका, मस्त सुधारणा! औषध कुठं आहे ते मले माहीत होतं.

पण तुमच्या भावाले फुकटचं सुख पचते का? माह्यासमोर निखिलले फोन लावला. म्हणे, बेटा, सगळं बेस आहे, फक्त उठा लागते.

उठा लागते! भाच्यानं मामाचं ऐकलं, अन् तिथून आमच्या घरात सोफ्यावरून टीव्ही चालवाचे उपाय सुरू झाले. पहिले बिनवायरची पाटी आली. जुनी वायरवाली निखिल भाऊबीजेले येऊन घेऊन पण गेला, मामाचा त्रास मिटला म्हणून. ही नवी पाटी हे पोटावर ठेवत. दुपारी डोळा लागला का हात बटणावर. आवाज वाढता वाढता एवढा वाढला का बाजूच्या क्वार्टरमधली कौशल्या धावत आली, का दीदीच्या घरी बारात कोणाची आली. मंग एक दिवस त्याच पाटीवर वरण सांडलं. (सांडलं, सांडवलं नाही. माह्यावर शंका घेऊ नका. तवा माह्या मनात तसं काही आलंच नव्हतं.)

त्याच्यावर निखिलनं मोबाइलचा उपाय सांगतला. मोबाइलवर बोट फिरवा, टीव्ही चाले. आता आमच्या इथं वाय-फाय एकच आहे, आमचं. भिंतीपल्याड कौशल्याच्या नवऱ्याच्या, भैयालालच्या, घरी ते आमीच देल्लं आहे, अन् त्यायच्या परसातल्या बाडीतली चेंच भाजी, मुनग्याच्या म्हणजे शेवग्याच्या शेंगा आमच्याकडे येतात. कढीपत्ता दे-घे करावा तसं आहे ते, त्यात कोणी कोणाले विचारत नाही. तं झालं असं, का निखिलनं सांगतलेली ती चीज यायनं मोठ्या कौतुकानं भैयालालच्या मोबाइलवर पण टाकून देली. मंग काय! मी कीर्तन पाहून राहिली अन् महाराज एकाएकी गायब, अन् त्यायच्या जागी एक बाई तळ्यात उभी राहून नाचून राहिली. मी इकडून कीर्तन लावो, ते तिकडून जाये. मी यायच्यावर ओरडली, हे म्हणे मी हात नाही लावला. तवा भिंतीवरून कौशल्याचं डोकं वर आलं. "ए दीदी, तुंहर टीवी हमर मोबाइल म आ गे हे!" म्हणे, एवढी खुश, जसा माहा टीव्ही तिच्याकडे पाव्हणा आला. निखिलनं तो उपाय नागपूरहूनच बंद केला.

मंग तोंडानं बोलाचा उपाय. बोला, अन् कम्प्युटर ऐकते. त्याले आपली मराठी समजत नाही, हिंदी समजते. तं हे त्याच्याशी हिंदी बोलाले लागले, अन् कशी? "कृपया आवाज़ कम कीजिए." कृपया! बाई, लग्न होऊन माहे केस पिकले, ह्या माणसानं मले कधी "ए" सोडून हाक नाही मारली, अन् टिफिनच्या डब्याले कीजिए! मी दोन दिवस त्या कम्प्युटरसमोर यायच्याशी बोललीच नाही. नंतर यायलेच तो उपाय नको झाला, कावून का मी स्वयंपाकखोलीतून काही म्हटलं का ते मधीच बंद पडे. माहा आवाज ते बरोबर ऐके. कोणीतरी ऐकते.

अन् शेवटी आला तो रिमोट. हवेत हलवला का पडद्यावर बाण हलते. निखिल म्हणे, मामाले हे जमेल, मामा क्रेन चालवते. जमलं ना. तेच तं दुखणं झालं. यायनं त्या बाणाले हुकाले लटकलेला माल समजून घेतलं. पहिले सरळ वर उचलत. मंग थांबत. मी म्हणो, बिघडला काय? तं म्हणे, झुलणं थांबू दे, झटका देऊ नये. मंग हळू आडवा नेत, मंग हळू खाली उतरवत. एक गाणं लावता लावता माही कणीक भिजून होये. अन् एवढंच नाही. प्लान्टमधी कायदा आहे का माणसाच्या डोक्यावरून माल नेत नाहीत. तं पडद्यावर माणूस असला का हे त्याच्या डोक्यावरून बाण नेत नव्हते. बटण त्या कोपऱ्यात, मधी हिरोइन उभी, तं बाण हिरोइनले वळसा घालून चालला. एका सिनेमात लग्न होतं, सारं वऱ्हाड उभं, जागाच नाही. हे रिमोट धरून बसून राहिले, माणसं हटाची वाट पाहत. मी म्हटलं, अहो, ते चित्र आहे, कोणाच्या टाळक्यात नाही पडत. तं माह्याकडे न पाहता म्हणे, सवय बिघडवाची नाही, परत वर जाचं आहे.

मी उठून स्वयंपाकखोलीत गेली. (त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.)

पण बाई, वर जाचं असलं तं सोफ्यावरून उठा लागते ना! रिमोट आल्यापासून हे उठत होते ते फक्त जेवाले. चहा मी हातात देत होती, चुकी माहीच. शिल्पा म्याडमनं गुडघा वाकवून पाहिला अन् तोंड बारीक केलं. म्हणे, काका, मागं चाललो आपण. असंच राहिलं तं पुढच्या महिन्यात डॉक्टर फिट लिहिणार नाही. ती गेल्यावर हे कितीतरी वेळ टीव्ही न लावता सोफ्यावर बसून होते. मले ते सहन नाही होत. मी सरळ उठली, कम्प्युटरच्या मागं त्या रिमोटचा नखाएवढा तुकडा खोचला असते (तो नसला का रिमोट म्हणजे नुसतं खेळणं), तो काढला अन् देवाच्या दिव्यामागं ठेवून देला.

दुसऱ्या दिवशी हे म्हणे, चालून नाही राहिला. मी म्हटलं, तुकडा दिसत नाही, पडला असेल कुठं, पाहा. अन् पोळ्या लाटत राहिली. बाई, हे उठले! सोफ्याखाली वाकून पाहिलं. दिवाणाखाली पाहिलं. आलमारीमागं पाहिलं. कण्हत, शिव्या देत, पण वाकले. शेवटी देवाच्या दिव्यामागं सापडला तं असे खुश झाले जसा बोनस मिळाला. मी तवाच ठरवून टाकलं. एक दिवस तुकडा खाली, चपलायच्या खणात. एक दिवस वर, लोणच्याच्या बरणीमागं. शिल्पा म्याडम सांगते तसंच, पहिले वाकवा, मंग ताणा. कौशल्याले पण मी सामील करून घेतलं, तं एकदा तो तिच्या मुनग्याच्या झाडाच्या बेचक्यात निघाला. कावळ्यानं नेला असेल, असं मी सांगतलं, अन् यायनं मान हलवली.

अन् मागच्या आठवड्यात मी तो गच्चीवर टाकीपाशी ठेवला. तिथं जाले लोखंडाची शिडी आहे, सरळ उभी. ठेवून आली अन् मलेच घाम सुटला. हे सगळं घर पालथं घालून शेवटी शिडीपाशी आले. उभे राहिले. मी खाली, पदर तोंडात. चढले, बाई. एकेक पाय, थांबत थांबत, झटका न देता. वर पोहोचून खाली पाहिलं अन् हात वर करून प्लान्टमधी करतात तसा इशारा केला. माल बरोबर पोहोचला म्हणून.

शिल्पा म्याडमनं विचारलं, काका, कोणती कसरत करता? तं हे म्हणे, बायकोचा पसारा आवरतो. म्हणू द्या.

बाकी सगळं ठीक. तब्येतीले जपा, भाऊजीच्या चहात साखर कमी टाकत जा. लहानायले गोड पापा.

तुमची,
रत्नमाला देवराव

ता.क. खरं काम सांगाचं राहिलंच. शनिवारी मी तो तुकडा अशा पक्क्या जागी ठेवला का मलेच सापडून नाही राहिला. तांदळाचा पिंप उपसला, गाद्या उलट्या केल्या, कौशल्याच्या बाडीत दोनदा जाऊन आली, गच्चीवर पण चढली. अन् हे? हे सोफ्यावर! तिथून हातानं क्रेनचे इशारे करून राहिले, डावीकडे, जराशी वर, आता खाली वाक, थांब. सोफ्यावरून चालवाची चीज शेवटी मीच निघाली. तं निखिलले सांगून तसाच एक तुकडा मागवा अन् तिळाच्या लाडवात घालून माह्या नावानं पाठवा. भावाले सांगू नका.

ता.क. दुसरा. तुकडा पाठवू नका. यायचा सदरा धुवाले घेतला तं खिशात रुमालाची गाठ, अन् गाठीत तो. शनिवारीच सापडला होता यायले. मी विचारलं, मंग मले कावून फिरवलं? तं म्हणे, डॉक्टरनं तुले पण चालाले सांगतलं होतं, तू कुठं ऐकते! अन् शिल्पा म्याडमच्या आवाजात म्हणे कसे, काकू, मस्त सुधारणा!

ठीक आहे. आता पाळी माही आहे. हे पत्र पोस्टात टाकाले हेच चालले, मार्केटपर्यंत, पायी. म्हणून पाकीट भातानं पक्कं चिकटवून राहिली. पाकिटाच्या तळाशी कागदाच्या पुडीत काही टणक लागेल, ते फेकू नका. डॉक्टर फिट लिहीपर्यंत तुमच्या देव्हाऱ्यात राहू द्या.