संध्याकाळची ताडपत्री

मंगळवार, १२ मे

— आणि ताडपत्रीचं टोक माझ्या हातातून सुटलं. वाऱ्याने ती छपरावरून थेट अंगणात नेऊन टाकली. नवरा वरून ओरडला नाही. म्हणाला, "असू दे, काढायचीच होती."

मामंजींच्या खोलीवरचं छप्पर उघडलं आहे. निम्म्या फळ्या कुजलेल्या; पलंग चांगल्या फळ्यांखाली सरकवला आहे. नवरा घरची रीत पाळतो. सकाळी कौलं उतरवायची, ऊन डोक्यावर आलं की झाकायचं. जमीन तापते, हवा वर चढते, दुपारी ढग उभे राहतात आणि ऊन कलताना कोसळतात. सूर्य बुडाला की त्यांचा दम संपतो. मग ताडपत्री काढायची, म्हणजे रात्रभर वासे वाळतात. आमच्या जुन्या गावात ही रीत कधी चुकली नाही. मामंजींनीच शिकवलेली. भर दुपारी ते खालून एकच शब्द टाकायचे — झाका! — आणि माणसं हातातलं काम सोडून धावायची.

हिवाळ्यात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेवढा एक शब्द उरला. तोही आता भलत्या वेळी. इथे समुद्राजवळ राहायला आल्यापासून रोज दिवस मावळताना म्हणतात — झाका. नवरा आधी उत्तर द्यायचा. आता देत नाही.

बुधवार, १३ मे

मामंजींचं अंथरूण ओलं. पायाकडून गुडघ्यापर्यंत.

वन्सं कालपासून इथेच आहेत. चादर बघून खुर्चीवर बसल्या. "आता हेही सुरू झालं," म्हणाल्या.

चादर मी धुतली. वास नव्हता. अंगणही ओलं होतं, इथे दंव फार पडतं.

गुरुवार, १४ मे

पुन्हा ओलं. नवऱ्याने स्वतः वडिलांचे कपडे बदलले. दार लावून घेतलं होतं.

संध्याकाळी भावंडं ओट्याशी उभी राहून बोलत होती. शहराबाहेर एक शुश्रूषागृह आहे, स्वच्छ आहे, वन्सं बघून आल्या आहेत. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मला शाळा, याला दुसऱ्यांची छपरं, दिवसभर मामंजींकडे बघणार कोण? नवरा म्हणाला, मला ओळखत असते तर पाठवलं नसतं. डॉक्टरांनी सांगितलंच आहे, तो शब्द समजून येतो असं धरू नका.

सोमवारी सकाळी गाडी येणार.

हे चाललं असताना आतून आवाज आला — झाका. वन्संनी डोळे पुसले. "बघ. दुपार की संध्याकाळ, तेसुद्धा कळत नाही रे त्यांना."

शुक्रवार, १५ मे

पहाटे पुन्हा चादर ओली. शाळेत सातवीला वारे शिकवत होते. दिवसाचं चित्र मुलींना पाठ आहे. जमीन तापते, समुद्र थंड, बाण समुद्राकडून जमिनीकडे. ढग डोंगरावर. दुपारी खिडकीतून तसेच दिसतात — लांब, काळे, तिकडेच बरसतात. आपल्याकडे थेंब नाही.

मग रात्रीचं चित्र काढायला घेतलं. जमीन निवते, पाणी अजून कोमट. बाण उलटे. हवा वर चढते ती समुद्रावर, ढग तिथे, रात्रभर साठत जाणारे. पहाटे वारा फिरला की ते किनाऱ्याकडेच येणार.

खडू हातात तसाच राहिला. दंवाने चादर गुडघ्यापर्यंत भिजत नाही.

मामंजी पहाटे जागेच असतात. आपण सगळे झोपलेले. इथला पाऊस त्यांनी एकट्याने ऐकला आहे.

शनिवार, १६ मे

नवऱ्याला सांगितलं. त्याने हातोडी खाली ठेवली नाही.

"तुझा फळ्यावरचा पाऊस माझ्या फळीवर पडत नाही."

एरवी हसले असते. म्हटलं, पहाटे उठून बघ. म्हणाला, बघून काय होणार? पाऊस पडला तर चादर भिजली, एवढंच ठरेल. बाबांना कळतं हे त्यातून कसं ठरतं? संध्याकाळी तोच शब्द ते जुन्या गावीही म्हणाले असते.

आजची पहाट कोरडी होती. चादरही.

वन्संनी मामंजींची बॅग भरायला घेतली. सदरे इस्त्री करून. बाहीच्या घड्या अगदी हळू घालत होत्या.

रविवार, १७ मे

मामंजींना भरवताना विचारलं, काल संध्याकाळी काहीच बोलला नाहीत, का? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चमच्याकडे. मी किती वेळ धरून ठेवला होता कोण जाणे.

मग लक्षात आलं. परवा संध्याकाळीही त्यांनी 'झाका' म्हटलं नव्हतं. आणि कालची, आजची, दोन्ही पहाटा कोरड्या. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी पहाटे चादर भिजली, त्याच्या आदल्या संध्याकाळी शब्द आला होता. आपण तो ऐकायचंच सोडलं म्हणून न आलेलाही कळला नाही!

हे नवऱ्याला सांगितलं. तो उठून बाहेर गेला.

दिवस मावळला. वन्सं बॅगेचा पट्टा आवळत होत्या. मामंजींनी मान खिडकीकडे वळवली. पाण्यावर ढगांची एक ठेंगणी रांग होती, लक्ष जाऊ नये इतकी साधी. पुष्कळ वेळ बघत होते.

"झाका."

मी शिडी लावली. ताडपत्री खांद्यावर घेतली. चौथ्या पायरीवर शिडी हलायची थांबली. खाली नवऱ्याने ती धरली होती. मग तोही वर आला.

"एकटीने बांधलीस तर उडून जाईल," म्हणाला. चारही टोकं त्याने स्वतः आवळली, दुपारच्या पावसाला आवळतात तशी.

सोमवार, १८ मे

पहाटे जोराचा पाऊस झाला. चादर कोरडी. उजाडल्यावर नवरा मामंजींच्या पलंगाशी जाऊन बसला आणि विचारलं, "बाबा, ताडपत्री काढू का?" — आणि उत्तरासाठी थांबला. गाडी आली तेव्हा तो अजून तिथेच बसून होता. वन्सं बाहेर गेल्या आणि त्यांनी ती परत पाठवली.