खिडकीतलं वाळवंट

१४ मार्च १९६२, म्युनिक
वाळवंटी गवताच्या दोन ट्रेंची खरी किंमत — स्वयंपाकघराच्या खिडकीतली माझी चहाची जागा, बायको मालिनीची कोथिंबीर आणि घरमालकीण फ्राऊ हूबरची मर्जी! भाचा श्यामकांत म्हणतो, "मामा, आमच्या संस्थेच्या काचघरात जागाच नाही. तुमच्याकडे ऊन छान येतं." झालं!

२ एप्रिल
आज त्याने नीट समजावलं. नैऋत्य आफ्रिकेत वाळवंटी कुरणाला गोल गोल टकलं पडतात. मैलोन् मैल, आखून दिल्यासारखी! कुणी म्हणतं, वाळवी मुळं खाते. याचे प्राध्यापक म्हणतात, छे — गवतंच एकमेकांचं पाणी ओढतात, मधली मरतात. आमच्या ट्रेंत वाळवी नाही. तरी टक्कल पडलं तर प्राध्यापक खरे, आणि श्यामकांत डॉक्टर! नाही पडलं तर विषय बदला. दोन वर्षं फुकट.

फ्राऊ हूबर जिन्यातून ओरडल्या — "हेक्सन! चेटकिणी नाचल्या की आमच्या कुरणातही गोल उमटतात!" जा, जा, म्हटलं. चेटकिणींचं वेगळं भाडं लावू नका म्हणजे मिळवली.

१९ एप्रिल
गवत माझ्या मिशांसारखं दाट. टकलाचं नाव नाही. पोरगा धड जेवत नाही. "मामा, आईला काय लिहू हो?"

११ मे
पडलं!! मी पंधरा दिवस श्टुटगार्टला, श्यामकांत परीक्षेत, ट्रे मालिनीच्या भरवशावर — आज येऊन बघतो तर दोन्हींत टक्कल! एकात मोठं, एकात लहान. श्यामकांत तिच्या पायाच पडला. "मामी, तुमच्या हाताचा गुण!"
"अगंबाई, मी काय केलं?"

२५ मे
प्राध्यापक स्वतः आले. भिंग लावून वाकले — "गेनाऊ! गेनाऊ!" अगदी बरोबर म्हणे! मीही सांगून टाकलं — लेथवर हमाली करत स्वतःचं वर्कशॉप काढलं, पण कान अजून शाबूत आहेत. या घरात माझ्या नकळत सुईसुद्धा पडत नाही. वाळवी सोडा, मुंगीही फिरकलेली नाही. माझी हमी! त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात दाबला. ट्रे गाडीत घालून नेले. सोमवारी सगळ्या संस्थेपुढे मांडणार. श्यामकांत चार पोळ्या जेवला.

२६ मे
मालिनी सकाळी म्हणाली, "अहो, ट्रे नेले खरे. आता भाताचं नि वरणाचं गरम पातेलं उतरवू कुठे? खिडकीच्या लाकडावर डाग पडला की फ्राऊ हूबर ओरडतात."