दुपट्यांवरचे काळे डाग

भडगाव, ८ डिसेंबर १९७१

प्रिय रुपचंद,

फैजपूरची केळी पोहोचली. अर्धी वाटेतच पिकली, पण माहेरचं म्हणून मी गोड मानून घेतली. तू विडी सोडलीस की नाही ते तुझी बायको लताच कळवेल, तुझ्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

एक गोष्ट मी तुझ्यापासून चोवीस वर्षं लपवली. अभिमन तान्हा होता तेव्हा त्याचं ओलं दुपटं जरा पडून राहिलं की काळं पडायचं. सोडा टाकून घासलं तर डाग आणखी गडद. साबण वाईट म्हणून मी दुकानदाराशी भांडले. सासूबाईंनी, म्हणजे आपल्या आत्यानं, दृष्ट काढली. पुढे तुझ्या प्रमिलाच्या बारशाला तिला मांडीवर घेऊन मी तुझ्याकडे सून म्हणून मागितली, तेव्हाही या डागांबद्दल गप्प बसले.

यंदा अभिमनची पाठ धरली. शाळेत शिकवताना फळ्यापुढे तासभर उभं राहवेना, म्हणून त्याला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी त्याच्या लघवीत सोड्यासारख्या खाराच्या पाण्याचे दोन थेंब टाकले आणि माझ्या डोळ्यांदेखत ती काळी झाली. मी तिथेच रडले. ते म्हणाले, डाळ-दूध खाल्लं की शरीर ते पायरी-पायरीनं मोडतं. अभिमनच्या शरीरात त्यातली एक पायरी जन्मापासून नाही. अर्धवट मोडलेलं आम्ल लघवीतून जातं आणि हवा लागली की काळं पडतं. उरलेलं सांध्यांत साठतं. जिवाला धोका नाही, पण औषधही नाही. हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, म्हणून त्यांनी आमचं नातं विचारलं. मी आत्याच्याच घरी सून झाले, हे सांगताना माझी मान खाली गेली.

"बाई, तुमचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "पण आता पुन्हा नात्यात लग्न करू नका."

स्टँडवर अभिमन एवढंच बोलला, "माय, मामाले खरं सांगी दे." मग भडगाव येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला.

म्हणून हे पत्र. तुझा शब्द मी तुला परत करते. हा दोष तुझ्यात आणि प्रमिलातही दडलेला असू शकतो, तेव्हा तिच्यासाठी नात्याबाहेरचं स्थळ बघ. लोकांनी विचारलं तर अक्का फिरली म्हणून सांग, पोराचं नाव घेऊ नकोस. प्रमिलाला मात्र जवळ बसवून सगळं खरं सांग. मला, तिच्या आत्याला, ती नकोशी झाली असं तिला वाटलं, तर ते मला सोसवणार नाही.

तुझीच,
अक्का