सोनूबाबाचं ‘व्हईल’

४ सप्टें. ९८, जव्हार
दहाची वेळ दिली होती. साडेदहाला दुकान उघडायला गेलो तर जपानहून आलेला ओनो साहेब बंद फळ्यांसमोर उभा. घामाघूम, पण तक्रार नाही. जो रागावत नाही त्याच्यावर माझा भरवसा बसत नाही. बरोबर मुंबईचे दुभाषी देसाई. बोहाड्याच्या सोंगांचे चाळीस मुखवटे हवेत म्हणे, होळीपर्यंत. निघताना बायकोनं, झुबेदानं, त्यांना नानखटाईचा डबा भरून दिला.

५ सप्टें.
दोघांना घेऊन पोशेऱ्याला. मुखवटे सोनूबाबा करतो, मी फक्त विकतो. ऑर्डर मिळाली तर दिवाळीनंतर त्याची दोन्ही पोरं वीटभट्टीवर जायची वाचतील. मागल्या साली धाकट्याची बायको तिथंच झोपडीत बाळंत झाली.
ओनोनं एक मुखवटा तासभर उलटसुलट केला. वजन कमी होईल? सोनूबाबा म्हणे, “व्हईल.” सगळे एका मापाचे? “व्हईल.” अरे बाबा, दोन राक्षस तू आजवर एका मापाचे केले नाहीस! पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, म्हणून हे व्हईल. मला त्याचा अर्थ चांगला ठाऊक. ओनोचं उत्तर देसाईंनी सांगितलं, “विचार करू म्हणतायत.” त्याचाही ठाऊक. दोघांनाही नाही म्हणता येत नाही आणि मध्ये मी.

११ सप्टें.
देसाईंनी जीपवाल्याबरोबर डबा परत पाठवला. घासून लख्ख, आत काही नाही. चिमूटभर साखरसुद्धा नाही. झुबेदा म्हणाली, “खाली डब्बा भेजा? समझो बात खतम.” तिला गप्प केलं, पण माझ्याही मनात तेच. जीपवाला म्हणतो, जपान्याला मोखाड्याच्या बाजारात पाहिलं. तिथं याचं काय काम? मुखवटेवाले तिकडेही आहेत. काहीतरी शिजतंय...

२२ सप्टें.
राहवलं नाही. एसटीडी बूथवरून ओनोला फॅक्स केला: हो की नाही, एका शब्दात कळवा. संध्याकाळी तिथंच देसाईंचा फोन, चिडलेले. “अहो युनूसभाई, त्यांना असं तोंडावर विचारतात का? आता महिनाभर बोलणार नाहीत.”
घ्या! म्हणजे बिघडलं ते माझ्यामुळे. का हे देसाईच मध्ये काही करतायत?

३ ऑक्टो.
सकाळी बूथवर उत्तर आलंय का पाहून आलो. काही नाही.
दुपारी सोनूबाबा आला. हातात नागलीच्या दाण्यांची पिशवी. गेल्या खेपेला झुबेदानं डाळ दिली होती ना. रिकाम्या हातानं हा माणूस कधी यायचा नाही. भट्टीचा मुकादम गावात येऊन गेलाय म्हणाला, उचल द्यायला पुन्हा येणार. “शेठ, पोरांना थांबवू का धाडू?”
ऑर्डर येणार नाही म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. निघालं काय, तर “होईल.”
मला लाज वाटली. सोनूबाबा अर्धा चहा तसाच ठेवून “बरा” म्हणाला आणि उठला. पोरांना थांबवणार की धाडणार, ते मी विचारलं नाही. असं तोंडावर कसं विचारायचं?