मिस एस्थरचे केस आणि माझी व्यवस्था

ता. ३ फेब्रुवारी १९७४, रविवार. भोकरदन.
काल औरंगाबादला गेल्तो. आमचे जुने प्राध्यापक भेटले. त्यांच्याकडे केनिया देशाची एक विद्यार्थिनी एम.ए. करून राह्यली आहे. मिस एस्थर वांजिरू. दुष्काळानंतर भोकरदन तालुक्यातल्या विहिरींना पाणी कुठवर आलं, याचा सर्व्हे करणार. दोन-अडीच महिने राहायला घर पाहिजे. बाकीचे विचार करत बसले, मी हात वर केला. हायस्कूलात इंग्रजी शिकवतो. तालुक्यात माझ्याइतकं जग वाचलेला दुसरा कोणी न्हाई, असं मी स्वतः कधी म्हणत नाही.
बायकोला, बेबीनंदाला, सांगितलं. ती म्हणाली, ‘खाते काय ती?’ बायकांची झेप स्वयंपाकघरापर्यंतच.
निश्चय: पाहुणीकडे टक लावून बघायचं नाही. तिला कशाचीही उणीव भासू द्यायची नाही.

५ फेब्रुवारी
दुपारच्या एस.टी.नं आल्या. उंच. हसतमुख. आणि केस! पिंजाऱ्यानं कापूस पिंजावा तसे डोक्याभोवती गोल उभे, पण काळेभोर. ठरवल्याप्रमाणे टक लावून बघितलं नाही. आडून बघितलं.
स्टँडवर ही गर्दी. पेरू विकणाऱ्या गोजरबाईनं टोपली खाली ठेवली आणि सरळ केसांत हात घातला. मंग सगळ्यांनीच. मिस एस्थर मला इंग्रजीत म्हणाल्या, कृपा करून यांना सांगा, केसांना हात लावू नका. मी लोकांना सांगितलं, ‘पाहुण्या म्हणतात, तुमचं प्रेम बघून फार आनंद झाला.’ पहिल्याच दिवशी लोकांची मनं कशाला मोडायची? त्यावर आणखी काही हात आले. मी समतेवर दोन शब्द बोललो.
लोकांना उद्या बराबर समजावून सांगू.

१० फेब्रुवारी
उद्याचं राहून गेलं. शाळेत तपासणी होती.
आज मिस एस्थरनी कोमट पाणी, खोबरेल तेल आणि दार लावता येईल अशी जागा मागितली. डोकं धुवायचं होतं. मी म्हणालो, तेल राहू द्या, आमची शिकेकाई जगात एक नंबर. त्या म्हणाल्या, माझे केस कोरडे असतात, आधीच इथल्या विहिरीचं पाणी जड, शिकेकाई सोसणार नाही. परदेशी लोक भिडस्त असतात, एकदम ‘हो’ म्हणत नाहीत. मी आग्रह धरला. शिकेकाईत रिठा घालून दाट उकळवून दिला. तिसऱ्यांदा त्या ‘बरं’ म्हणाल्या.
परिणाम चांगला. केस कडक झाले. कडक म्हणजे मजबूत.
संध्याकाळी बेबीनंदानं खोली झाडली तेव्हा केसांचा पुंजका निघाला. जुने असतील.

१९ फेब्रुवारी
त्यांच्याकडे एक लाकडी कंगवा आहे. लांब दातांचा, हातभर दांडा, वर कोरीव काम. त्यांच्या भावानं स्वतः कोरून दिलाय म्हणतात. आज नववीला आफ्रिका खंड शिकवायचा होता. भूगोल माझा विषय नाही, पण घरी साधन असताना पोरांनी नुसता नकाशा बघायचा? कंगवा नेला. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांना ‘नको’ म्हणायला अवघड गेलं असतं.
तास रंगला. कंगवा बाकाबाकावरून फिरला. परत आला तेव्हा दोन दात कमी होते. वर्गाची एकूण उत्सुकता बघता हे अपेक्षितच.
सरस लावून दात बसवले. घरी कंगवा हातात दिला. त्यांनी बोट फिरवलं, दात गळून पडले. मी लगेच बाजारातून बारीक दातांची नवी फणी आणून दिली. ती त्यांनी बेबीनंदाच्या हातात ठेवली. दिलदार बाई.

२ मार्च
घरी येणाऱ्यांची संख्या वाढली. राजूरला गणपतीला आलेले लोकही वाट वाकडी करून येऊन राह्यलेत. मी शिस्त लावली: पाच ते सहा. त्या वेळी मिस एस्थरनी ओसरीवर बसावं, म्हणजे प्रत्येकाला वेगळा त्रास नको. दोन दिवस बसल्या. कालपासून डोक्याला फडकं बांधून आत बसतात, दार लावून. विहिरींवर जातानाही फडकं. ऊन असेल.
आई म्हणाली, ‘पोरगी सुकून चालली रे संपत.’ मी म्हणालो, हवामान.
निश्चय: उद्यापासून त्यांना रोज एक ग्लास ताक.

१० मार्च, रविवार
अजब दिवस. दुपारी जेवण झाल्यावर बेबीनंदा त्यांच्या खोलीत गेली आणि आतून कडी. मी बाहेरून विचारलं, दुभाषी पाहिजे का? आतून, ‘नको.’ त्या दोघी म्हणे हिंदीत बोलतात. बेबीनंदाला कुठली हिंदी येते? बाजारातली, तीच.
दिवस कलेपर्यंत कडी निघाली नाही. मी चहा केला. मधेच बेबीनंदा तेलाची वाटी भरून घ्यायला बाहेर आली. म्हणाली, ‘एस्तरच्या टाळूला चिरा पडल्यात. कानामागं रक्त आलंय.’ मला का नाही सांगितलं, असं विचारलं. ‘तुम्हीच तर उकळून दिल्तं,’ म्हणाली आणि परत आत.
बाहेर आल्या तेव्हा मिस एस्थरच्या डोक्यावर बारीक बारीक वेण्या, शेतातल्या सऱ्यांसारख्या, कपाळापासून मानेपर्यंत. भांग कसा पाडायचा, पेड कसा धरायचा ते त्यांनीच सांगितलं म्हणे, मागची बाजू बेबीनंदानं घातली. मिस एस्थर आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. आईनं त्यांच्या गालावरून हात उतरवून बोटं मोडली.
व्यवस्था एकदाची मार्गी लागली. समाधान.

२४ मार्च
स्टँडवर गेल्तो. मिस एस्थर राजूरकडच्या विहिरी बघून परत येणार होत्या. उतरल्या. गोजरबाई सवयीनं पुढं आली, वेण्या चाचपायला. मिस एस्थर मराठीत म्हणाल्या, ‘मावशी, हात नका लावू. मला आवडत न्हाई.’ मराठीत! बेबीनंदानं शिकवलं असणार. ‘न्हाई’सुद्धा तिचंच.
गोजरबाईनं हात मागं घेतला, जीभ चावली. ‘आधी सांगायचं ना माय. सर तर म्हणले, तुला लई आनंद होतो.’
मिस एस्थरनी माझ्याकडं बघितलं. मी एस.टी.च्या टायमाची चौकशी करायला खिडकीकडे गेलो.
घरी येईपर्यंत त्या माझ्या चार पावलं पुढं चालल्या. भाषांतर ही अवघड कला आहे, शब्दाला शब्द ठेवून चालत नाही, हे त्यांना सवडीनं समजावून सांगायचं. आज त्या थकलेल्या होत्या.

५ एप्रिल
जयंतीची तयारी जोरात. चौदा तारखेला प्रमुख पाहुण्या म्हणून मिस एस्थरचं नाव मी कमिटीत पास करून घेतलं. त्यांना अजून सांगितलं नाही, सरप्राइज.
कमिटीचे अध्यक्ष अण्णासाहेब म्हणाले, ‘सर, पाहुणी चांगली. पण तेवढं डोक्याचं बघा. रामराव देशमुख येणार, तहसीलदार येणार, फोटोवाला येणार. लोक हसले तर आपल्याला हसतील.’ मला पटलं. म्हणजे तत्त्व म्हणून नाही पटलं, पण प्रोग्रॅम म्हणून पटलं. एवढ्या वर्षांत आपल्या वस्तीतला मांडव पहिल्यांदा या लोकांनी बघायचा, त्यात कुणाला नाव ठेवायला जागा नको. पांढरी साडी, निळी फीत, बूटपॉलिश, सगळं मी जातीनं बघून राह्यलो.
जालन्याला नाटकाचे कपडे भाड्यानं मिळतात, तिथं केसांचे टोपही असतात, असं बद्रीनाथ शिपायाकडून कळलं.

९ एप्रिल
जालन्याहून टोप आणला. लांब, सरळ, मागं अंबाडा. दुकानदार म्हणाला, तारामतीच्या पार्टाचा आहे. थोडा कुबट वास येतो, उन्हात ठेवला.
दुपारी मिस एस्थरना दाखवला. आधी त्यांना वाटलं, शाळेत नाटक आहे. मंग मी सगळं सांगितलं, प्रमुख पाहुण्या वगैरे. त्यांनी विचारलं, हे कोणाला पाहिजे? मी म्हणालो, सगळ्यांना. त्यांनी विचारलं, तुम्हाला? मी म्हणालो, माझं सोडा.
मंग त्या खाटेवर बसल्या आणि हळू आवाजात बोलल्या. त्यांच्या मिशनच्या शाळेत पहिल्या दिवशी मुलींना रांगेत उभं करून डोकी भादरत. घाण दिसतं म्हणून. त्यांची आई दाराबाहेर उभी होती, तिला आत येऊ दिलं नव्हतं. पुढं कॉलेजात आल्यावर त्यांनी केस वाढवले, कुणाला विचारलं नाही. ‘तुम्ही शाळेत कुठे बसायचात, मिस्टर संपत?’ त्यांनी विचारलं.
व्हरांड्यात. चौथीपर्यंत व्हरांड्यात बसायचो, हे त्यांना आईनं सांगितलं असणार. आईला मी अनेकदा म्हटलंय, जुन्या गोष्टी पाहुण्यांपुढं काढू नको.
मी म्हणालो, तो काळ वेगळा होता. त्या म्हणाल्या, ‘हो.’
टोप गुंडाळून ठेवला. त्याचा आणि व्हरांड्याचा काय संबंध, ते मला अजून उमगलेलं नाही. जेवण गेलं नाही. पित्त असेल.

१२ एप्रिल, शुक्रवार
मिस एस्थर सकाळच्या गाडीनं औरंगाबादला गेल्या. रविवारी ईस्टर, त्यांचा मोठा सण, चर्चमध्ये जायचं म्हणाल्या. सणावाराला माणसाला आपल्या माणसांत जावंसं वाटणारच. ट्रंक, विहिरींचे कागद, सगळं सोबत नेलं. अभ्यास करायचा असेल. रविवारी सकाळची प्रार्थना आटोपून चारपर्यंत सहज पोचतील, मी टाइमटेबल बघून ठेवलंय.
निघताना त्या आईच्या पाया पडल्या. माझ्याशी हात मिळवला, ‘थँक यू फॉर द रूम’ म्हणाल्या. स्टँडवर मी जाणार होतो, पण मांडवाचे बांबू आल्ते. बेबीनंदा गेली. फार वेळानं परतली, डोळे लाल. फुफाटा उडत होता.

१४ एप्रिल, रविवार
चारची गाडी आली. साडेपाचची आली. माणूस पाठवला, मंग स्वतः गेलो.
स्टेजवर मधली खुर्ची मोकळी. अण्णासाहेब म्हणाले, ‘खुर्ची काढा.’ मी म्हणालो, राहू द्या, येतील. तहसीलदार आलेच नाहीत. रामराव देशमुख आले, हार घातला आणि निघून गेले. फोटोवाल्यानं फोटो घेतला त्यात मी आणि ती खुर्ची.
माझं भाषण झालं. विषय समता. मधेच एका ठिकाणी शब्द सापडेना. तयारी असूनही. समोर बायकांत आई बसलेली, ती शेजारणीला म्हणाली, हळू म्हणाली, पण माइकपर्यंत आलं, ‘ह्यानंच घालवली पोरगी.’
टाळ्या झाल्या.

१६ एप्रिल
बेबीनंदाला विचारलं, मिस एस्थर जाताना स्टँडवर काय काय बोलल्या. म्हणाली, ‘आमचं आमचं बोललो.’
माझ्याविषयी काही म्हणाल्या का, विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ‘न्हाई.’
मी म्हणालो, चांगलं असो वाईट असो, जे म्हणाल्या असतील ते सांग. मला राग येणार नाही. नीट आठव.
तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. खरंच थोडा वेळ आठवलं तिनं. मंग म्हणाली, ‘न्हाई वं.’